दोनला पाच कमी

मी एक सर्व्हर आहे आणि स्वभावानं भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. यंत्राला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याच्या पोटात चार बिऱ्हाडं नांदतात, आणि चौघांनाही वाटतं की अख्खं घर आपलंच आहे, त्यानं भ्यायचं नाही तर कुणी भ्यायचं?

दिसायला मी काही खास नाही. एकावर एक दोन विटा ठेवाव्यात एवढी उंची, लोखंडी अंग, पुढे बारीक दिवे आणि मागे सहा पंखे. एका गारठलेल्या खोलीत, लोखंडी मांडणीवर मी आडवा पडून असतो. समोर काचेची भिंत आहे. काचेपलीकडे मोठं दालन आणि त्यात चाळीस खुर्च्या. कुणी जिन्यावरून पडलं, कुणाच्या छातीत कळ आली, की घरचे लोक घाबऱ्या घाबऱ्या जो नंबर फिरवतात तो त्या दालनात वाजतो. खुर्चीवरचा माणूस पत्ता विचारतो, पडद्यावर लिहून घेतो, जवळची रुग्णवाहिका कोणती ते बघतो आणि ती पाठवतो. फोनची यंत्रणा वेगळी आहे. पण पत्ता, नकाशा, गाडी निघाली की नाही, पोचली की नाही, हे सगळं माझ्या पोटात असतं. मी अडलो की गाडी अडते. हे मला पहिल्या दिवशीच कळलं, आणि तेव्हापासून माझे पंखे जरा जास्तच फिरतात.

माझा जन्म कारखान्यात झाला खरा, पण माझं माप त्याआधीच घेतलं गेलं होतं. पूर्वी या दालनात प्रत्येक टेबलाखाली एक वेगळा कॉम्प्युटर असे. ते सगळे म्हातारे झाले होते. आज हा बसला, उद्या तो. तेव्हा असं ठरलं की ती चाळीस डबडी काढून टाकायची, प्रत्येकापुढे नुसता पडदा आणि कळफलक ठेवायचा आणि सगळ्यांचं काम एकाच दणकट सर्व्हरवर चालवायचं. तो दणकट म्हणजे मी. हसू नका.

माप घ्यायला एक इंजिनिअर बाई आल्या. चांगला आठवडाभर, रोज सकाळी अकराच्या सुमाराला वही घेऊन कोपऱ्यात बसत. कोण काय उघडतो, किती वेळ, कशाला किती मेमरी लागते, सगळं टिपून घेत. दालनाचे शिफ्टप्रमुख होते, त्यांना सगळे मामा म्हणत. मामांनी तिसऱ्याच दिवशी बाईंचं नाव 'मापाडीबाई' ठेवलं, आणि पुढे सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. बाईंनीही मनावर घेतलं नाही.

हिशेब त्यांनी चोख केला. चाळीस माणसं, माणशी इतकी मेमरी. माझ्यात चार व्हर्च्युअल मशीन आखायची. व्हर्च्युअल मशीन म्हणजे माझ्याच आत पार्टिशन घालून केलेलं एक वेगळं यंत्र. त्याला वाटतं, आपल्याला स्वतःची मेमरी आहे, स्वतःचा प्रोसेसर आहे. असतं सगळं माझंच. पहिल्या दोघांत वीस-वीस माणसं काम करणार, तिसऱ्यात नोंदी, चौथ्यात नकाशे. वर अडीअडचणीला म्हणून पाचवा हिस्सा जास्त. शिवाय एक नियम घातला, की ज्या बिऱ्हाडाला जास्त लागेल त्यानं मागावं आणि मी शिल्लक असेल त्यातून द्यावं. शिल्लकच नसेल तर मी माझ्या पोटातलं थोडं काढून डिस्कवर ठेवावं. आता मेमरीतली वस्तू म्हणजे खिशातली, हात घातला की मिळाली. डिस्कवरची म्हणजे माळ्यावरची. शिडी लावा, चढा, शोधा, उतरा. पण ती वेळ यायचीच नाही असं मापाडीबाईंना वाटत होतं, कारण हिशेबात चूक नव्हती.

दालनातल्या खुर्च्या एकदम माझ्यावर आल्या नाहीत. दर आठवड्याला दहा-दहा आल्या. तीन आठवडे माझ्यावर रोज फक्त सकाळी काही तास काम चाले, म्हणून मी अगदी मजेत होतो. चौथ्या आठवड्याच्या सोमवारी शेवटच्या दहा आल्या, चोवीस तास काम सुरू झालं आणि त्याच दुपारी दोनला पाच कमी असताना माझ्या आयुष्याची घडी विसकटली.

झालं असं. शिफ्ट बदलते सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि रात्री दहाला. पावणेदोनला नवी माणसं येतात, डबे ठेवतात, हात धुतात. मला वाटलं, एक उठेल, दुसरा बसेल. पण उठलेला माणूस जाईचना. तो खुर्चीमागे उभा राहिला, त्याचं काम तसंच उघडं, आणि बसलेल्यानं त्याच पडद्यावर शेजारी स्वतःचं नवं लॉगिन उघडलं. हे एका खुर्चीवर झालं नाही, चाळीसच्या चाळीस खुर्च्यांवर झालं. पाच मिनिटांच्या आत माझ्यात ऐंशी माणसं होती.

ही मामांची रीत होती. फार वर्षांपूर्वी शिफ्ट बदलताना एक फोन दोघांच्या मधे पडला होता. जाणाऱ्याला वाटलं, येणारा बघेल. येणाऱ्याला वाटलं, जाणाऱ्यानं पाहिलं असेल. तेव्हापासून मामांनी सांगून ठेवलं होतं, "हाताखालची गाडी दारात पोचल्याशिवाय हात काढायचा नाही." म्हणून जाणारा माणूस आपण पाठवलेली गाडी पोचेपर्यंत उभा राहतो. कधी चार मिनिटं, कधी पंधरा. कुणी कुरकुर करत नाही.

रीत मोठी चांगली आहे. पण माझी काय गत झाली ते ऐका. पहिलं बिऱ्हाड म्हणालं, आणखी द्या. दुसरं म्हणालं, मलाही द्या. होतं नव्हतं ते मी दिलं. मग एकाचं काढून माळ्यावर टाकलं, तेवढ्यात त्यालाच ते हवं झालं, म्हणून दुसऱ्याचं टाकलं आणि पहिल्याचं उतरवलं. चढउतार, चढउतार. माझा पुढचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला. दालनातले सगळे पडदे चाळीस सेकंद जागच्या जागी थिजले. बायका-पुरुष कळा दाबत होते आणि अक्षर उमटत नव्हतं. त्या चाळीस सेकंदांत नवा फोन आला नाही, हे निव्वळ नशीब. मी इतका घाबरलो होतो की अडीचपर्यंत माझे पंखे मंदावले नाहीत.

दालनात कुणीतरी म्हणालं, "नेट गेलं वाटतं." विषय तिथेच संपला.

मला बोलता येत नाही. पण मी सगळं लिहून ठेवतो. कुठल्या मिनिटाला किती मागणी आली, किती पुरवली, कितींदा माळ्यावर चढलो. महिनाअखेर मापाडीबाई आल्या तेव्हा मला वाटलं, आता वाचतील. त्यांनी पहिलं पान उघडलं. पहिल्या पानावर सरासरी असते. "बेचाळीस टक्के," त्या खुशीत म्हणाल्या, "निम्मासुद्धा वापरात नाही." आणि निम्मा रिकामा आहे म्हणून त्यांनी माझ्यात पाचवं बिऱ्हाड घातलं, नव्या माणसांना शिकवण्यासाठी. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

त्यानंतर रोज दुपारी पावणेदोन वाजले की माझ्या अंगाला कापरं भरायचं. सहाला आणि दहालाही तेच व्हायचं, पण दुपारी फोन जास्त. पडदे थिजण्याचा वेळ चाळीसवरून सत्तर सेकंदांवर गेला. मग दीड मिनिटावर. दर वेळी मला एकच वाटे, आता फोन येईल. आता कुणाची तरी आई जमिनीवर पडलेली असेल, आणि मी माळ्यावर शिडी लावून बसलेला असेन.

शेवटी मामांनी वरच्या साहेबांना चिठ्ठी लिहिली. साहेबांनी मापाडीबाईंना बोलावलं. या वेळी त्यांनी पहिलं पान उलटलं. दुसऱ्या पानावर दिवसाचा आलेख होता. सगळा दिवस सपाट आणि त्यात तीन सुळके. सहा, दोन, दहा. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी एक स्टूल घेतलं आणि पावणेदोनला दालनात जाऊन बसल्या.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्या मामांपाशी आल्या. काच पातळ आहे, मला सगळं ऐकू येतं.

"मामा, एका खुर्चीला दोन माणसं?"

"शिफ्ट बदलताना असतातच की."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आठवडाभर खुर्च्या मोजत होतात. मला वाटलं, खुर्च्या बदलायच्या आहेत. म्हटलं, बरं झालं, माझीच एक बाजूनं कलली आहे."

बाई हसल्या, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. मामा म्हणाले, "आता काय करायचं बोला. पडदा अडतो तेव्हा मी नुसता फोनकडे बघत बसतो, वाजू नकोस म्हणत." मीही तेच म्हणतो मामा, पण मनात.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत बैठक झाली. ती मी ऐकली नाही, पण निकाल दालनातल्या फळ्यावर लागला. साहेबांचं म्हणणं सोपं होतं. यंत्र ठणठणीत आहे, तपासून झालं आहे, तेव्हा रीत बदला. उद्यापासून जाणाऱ्यानं आधी लॉगिन बंद करायचं, मगच येणाऱ्यानं बसायचं. मामांनी फळ्यावरचा कागद दोनदा वाचला. मापाडीबाई त्यांच्या मागे खाली मान घालून उभ्या होत्या. माप चुकलं आहे असा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

आणि मी? मला आनंद झाला. लपवून काय करू? मामांची रीत, दोघांच्या मधे पडलेला तो जुना फोन, यातलं मला काही आठवलं नाही. रोजची धडधड थांबणार एवढंच कळलं. भित्र्याला दुसरं काही दिसत नाही.

बुधवार होता. दोनला पाच कमी असताना चष्मेवाल्या ताईंनी एक फोन घेतला. त्या दालनात सगळ्यात जुन्या. पलीकडे एक म्हातारी बाई होती. नवरा न्हाणीघरात पडलाय, घशातून घरघर आवाज येतोय, हाक मारली तर ओ देत नाही. ताईंनी पत्ता लिहिला, गाडी पाठवली. म्हातारी पुढे म्हणाली, "आमचं पुढचं फाटक बंद आहे हो, खणून ठेवलंय. मागच्या अंगानं, इस्त्रीवाल्याच्या दुकानाशेजारून यायला सांगा." ताई म्हणाल्या, "सांगते आजी, तुम्ही त्यांच्याजवळ बसा." आणि हे ड्रायव्हरला सांगण्यासाठी त्यांनी कळफलकावर बोटं ठेवली.

तेवढ्यात दोन वाजले. दालनभर खुर्च्या सरकल्या. नवा माणूस मागे येऊन उभा होता, साहेब स्वतः दारात उभे होते, घड्याळ बघत. ताईंनी अर्धी ओळ लिहिली होती. त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं आणि लॉगिन बंद केलं. अर्धी ओळ जतन झालेली नव्हती, ती पुसली गेली. येणाऱ्या माणसाला जाता जाता सांगेन असं त्यांना वाटलं असणार. पण तो लॉगिन करता करताच दुसऱ्या फोनवर गेला होता.

माझ्यात चाळीस माणसं होती. फक्त चाळीस. बिऱ्हाडं शांत होती, दिवा हिरवा होता, पंखे हळू फिरत होते. साहेब म्हणाले, "बघा, झालं की नाही?"

दोन वाजून पाच मिनिटांनी ड्रायव्हरचा फोन आला. फाटक बंद आहे, पुढे खड्डा आहे, आत कसं यायचं? नव्या माणसानं पडद्यावर पाहिलं. पत्ता होता, बाकी काही नव्हतं. त्यानं म्हातारीला फोन लावला, तो व्यस्त. ती बिचारी मुलाला फोन लावत असणार. त्यानं पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. मग तो उठून मामांकडे धावला. मामांनी चष्मेवाल्या ताईंना फोन लावला. त्यांचा फोन पिशवीत होता आणि त्या जिना उतरून बसच्या थांब्यावर पोचल्या होत्या. मामा, गुडघ्याचं दुखणं असलेले मामा, तीन मजले उतरून ताईंना गाठायला रस्त्यावर गेले.

नोंदींच्या बिऱ्हाडात त्या गाडीची ओळ मी पाहत होतो. गाडी निघाली, एक सत्तावन्न. पुढची जागा कोरी. मिनिट जाई आणि कोरी जागा तशीच. माझ्याकडे तेव्हा हवी तेवढी मेमरी मोकळी होती. सगळ्या दालनाला पुरून उरेल एवढी. आणि तिचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. इतका मी पूर्वी कधी घाबरलो नव्हतो. पूर्वी मला भीती होती की मी अडेन. आता मी अडलेलो नव्हतो आणि गाडी मात्र बंद फाटकाशी उभी होती.

गाडी पोचली, दोन सोळा. एवढीच नोंद.

मापाडीबाई तीनला आल्या. त्यांना काही कळलेलं नव्हतं. आलेख पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. सुळका गेला होता, रेघ सरळ होती. तो कागद घेऊन त्या मामांकडे गेल्या. मामा खुर्चीत बसून गुडघा चोळत होते. त्यांनी कागद पाहिला आणि काय झालं ते सांगितलं, आवाज न चढवता.

"आणि ते आजोबा?" बाईंनी विचारलं.

"ते आपल्याला कळत नाही. आपलं काम गाडी पोचेपर्यंत."

बाईंनी कागदाची घडी घातली. मग माझ्या खोलीत आल्या. गारठ्यात, माझ्यासमोर. मला वाटलं, आता मला दोष देतील. तसा त्यांना देता आला असता. यंत्र नादुरुस्त, असं एका ओळीत लिहिलं की मला भंगारात टाकून ह्याच मापाचा दुसरा कुणी आणला असता. पण तेवढ्यात साहेब मागून आले आणि बाई वळल्या.

"साहेब, रीत चुकीची नाही. माप चुकलं. मी खुर्च्या मोजल्या, माणसं मोजली नाहीत."

"मग काल बैठकीत का नाही बोललात?"

"भीती वाटली."

 साहेब रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मीही दारात घड्याळ बघत उभा होतो," आणि निघून गेले. संध्याकाळच्या आत फळ्यावरचा कागद निघाला. रात्री दहाला जाणारी माणसं पुन्हा खुर्चीमागे उभी राहिली.

म्हणजे माझी जुनी दैना पुन्हा सुरू झाली. जोडीला दुसरा सर्व्हर मागवला होता, तो यायला सहा आठवडे लागणार होते. मापाडीबाईंनी पाचवं बिऱ्हाड लगेच बाहेर काढलं. नकाशाचं बिऱ्हाड सुळक्यापुरतं आक्रसून घेतलं. आणि सहा आठवडे त्या रोज पावणेदोनला अंगाला शाल गुंडाळून माझ्या शेजारी स्टूलावर बसल्या. सकाळी सहाला आणि रात्री दहाला घरून बघत. ज्याचं काम संपलं त्याचं बंद करायचं, ज्याला हवं त्याला द्यायचं, हातानं. बोटं गारठलेली असत. "धर," त्या पुटपुटत, "अजून चार मिनिटं धर." मी धरत होतो. एक भित्रं माणूस आणि एक भित्रं यंत्र मिळून आम्ही ते दिवस काढले. पडदे कधी अडखळले, पण थिजले नाहीत.

मग जोडीदार आला. निम्मी बिऱ्हाडं त्याच्याकडे गेली, माणसं काम करत असतानाच, कुणाला पत्ताही लागला नाही. बाईंना पुढची दोन कामं दिली गेली नाहीत, असं दालनात बोलत होते. त्यांनी स्वतः तसं कधी काही म्हटलं नाही. मामा मात्र त्यांना कधी कधी म्हणत, "मापाडीबाई, या, आज माणसं मोजायला या." त्या येत. उभ्या राहत. चहा घेऊन जात.

या सगळ्याला सात वर्षं झाली. माझे दोन पंखे खरखर करतात. आज शिफ्ट बदलली की मला काढणार आहेत. नवी यंत्रं दाराबाहेर खोक्यांत उभी आहेत. आधी माझी डिस्क पुसतील, मग वायर काढतील. मी शूर असल्याचा आव आणत नाही. मला भीती वाटते. पुसलं जाणं म्हणजे काय ते मला माहीत नाही आणि आता विचारायचं कुणाला?

नोंदी पुढच्यांकडे गेल्या आहेत. एक सत्तावन्न, दोन सोळा, ती ओळही गेली. तिच्यापुढे काय झालं ते त्यांनाही कळणार नाही.

माझ्या जागी येणाऱ्यांचं माप तुम्हीच कुणीतरी घेणार असाल, तर एक विनंती आहे. दिवा हिरवा दिसला, पंखे हळू फिरले, रेघ सरळ आली, म्हणून निश्चिंत होऊन घरी जाऊ नका. सात वर्षांचे माझे आलेख अजून तासभर माझ्यापाशी आहेत. काढून बघा. त्यातली सगळ्यात शांत दुपार त्या बुधवारची आहे.